पातं हलतंय

खरं सांगायचं तर मला चाकूची गरज नव्हती. मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसतो, महिन्या-दोन महिन्यांतून एखादा ट्रेक, त्यातही कांदा दुसराच कोणीतरी कापतो. पण दसऱ्याच्या आधीचा सेल लागला, रात्री साडेबाराला फोन चाळत होतो, आणि समोर आला लॉकबॅक फोल्डिंग नाइफ, लाकडी मूठ, दोन्ही बाजूंना पितळी टोप्या, साडेतीन इंची पातं, अठराशे नव्व्याण्णव रुपये. त्या क्षणी मला वाटलं की आपल्या आयुष्यात जी काही उणीव आहे ती हीच.

पार्सल आलं तेव्हा आई दारातच होती. "चाकू? रामपुरी मागवलास का काय तू?" मी म्हटलं आई, रामपुरी वेगळा, त्याला बटण असतं, रामपूरला तर 2023 मध्ये चौकात वीस फुटी रामपुरी उभा केलाय, हा ट्रेकिंगचा आहे. आईचं समाधान झालं नाही, मग मी मुलाची कंपासपेटीतली पट्टी आणून पातं मोजून दाखवलं, शस्त्र कायद्याच्या नियमांत लायसन लागतं ते नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला, हे साडेतीन आहे. "पण तू पट्टीने मोजतोयस म्हणजे तुलाच शंका आहे," बायको आतून म्हणाली.

असो. चाकू उघडला. मस्त 'खट्ट' आवाज झाला. लॉकबॅक ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात मुठीच्या पाठीवर एक लांब पट्टी असते, मधे पिनेवर टेकलेली, बागेतल्या सी-सॉसारखी. पुढच्या टोकाला दात. पातं पूर्ण उघडलं की तो दात पात्याच्या बुडाच्या खाचेत पडतो, मागच्या टोकाखालची स्प्रिंग त्याला तिथे दाबून धरते, आणि पाठीवरची पट्टी दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. 1964 मध्ये अमेरिकेत बक 110 नावाचा चाकू आला आणि तिथून ही पद्धत जगभर पोचली. माझा चाकू त्याच्या कॉपीच्या कॉपीची कॉपी असावा, दिसायला नाक अगदी आजोबांवर गेलेलं पण कर्तृत्व काही नाही.

कारण पाचव्या मिनिटाला मी पातं चिमटीत धरून सहज डावीकडे-उजवीकडे करून बघितलं आणि ते हललं. थोडं नाही, दुधाचा दात पडायला आल्यावर हलतो तसं. आता एकदा हलणारा दात सापडला की जीभ तिथेच जाते की नाही, तसं माझं झालं, मीटिंगमधे हलव, जेवताना हलव, टीव्ही बघताना टुक टुक टुक. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, एकतर तो हलायचा थांबेल नाहीतर तू.

मग दुरुस्ती. बिजागरीच्या जागी स्क्रू होता, पण साधा नाही, चांदणीच्या आकाराचा. बोहरी आळीत गेलो तर दुकानदार म्हणाले, टी एट, मोबाइलवाले आहात का? मी म्हटलं नाही, चाकूवाला. त्यांनी माझ्याकडे जरा नीट बघितलं आणि सुट्टे पैसे लांबूनच ठेवले.

घरी येऊन स्क्रू पाव फेरा घट्ट केला. हलणं बंद! फक्त आता पातं उघडतच नव्हतं, दोन्ही हात आणि एकदा दात लावून उघडलं. जरा सैल केला, उघडायला लागलं आणि हलायलाही लागलं. घट्ट आणि सैल याच्यामधे कुठेतरी एक अचूक जागा असणार या श्रद्धेवर मी दोन संध्याकाळी घालवल्या आणि ती सापडलीसुद्धा, पण तीनदा उघडमीट केली की स्क्रू आपोआप मूळ पदावर. कुठेतरी वाचलं होतं की स्क्रूवर नेलपॉलिश लावलं की तो फिरत नाही. बायकोची मरून शेड लावली. ते झिरपलं आत वॉशरपर्यंत, रात्रभर वाळलं, आणि सकाळी चाकू मिटलेल्या अवस्थेत मरून पडला होता. मग नेलपॉलिश रिमूव्हर. दोन दिवस चाकूला ब्यूटी पार्लरचा वास येत होता.

त्यात मला एक टेस्ट कळली, लॉक पक्कं आहे का बघायला पात्याची पाठ टेबलावर हाणायची. ही टेस्ट कृपया कोणीही करू नका. मी रात्री साडेअकराला केली, डायनिंग टेबलवर जुना टॉवेल घालून, हातात ओव्हनचा ग्लोव्ह घालून (एवढी अक्कल होती). एक, दोन, आणि तिसऱ्या फटक्याला लॉक सुटलं आणि पातं थेट माझ्या बोटांवर मिटलं. ग्लोव्ह होता म्हणून वाचलो, आणि पात्याला धार नव्हती म्हणूनही. धारेचं तर सांगायचंच राहिलं, तो पेपर कापत नव्हता, पेपरला पटवून द्यायचा प्रयत्न करत होता. पात्यावर स्टीलचा प्रकार म्हणून नुसतं '440' कोरलेलं. आता 440 मधे ए, बी, सी असे प्रकार असतात, सी मधे कार्बन सगळ्यात जास्त म्हणून धार टिकते. नुसतं 440 लिहिणं म्हणजे "आम्ही पुण्यातच राहतो" म्हणण्यासारखं आहे, सदाशिव पेठ की वाघोलीच्या पुढे आठ किलोमीटर ते विचारल्याशिवाय कळत नाही.

आवाजाने बायको बाहेर आली. टॉवेल, ग्लोव्ह, चाकू, मी. काही न बोलता परत गेली. हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

सात दिवसांची मुदत संपत आली होती म्हणून शेवटी कस्टमर केअर. चॅटवर त्यांनी विचारलं प्रॉब्लेम काय. लिहिलं, पातं हलतंय. त्यांनी लिहिलं, कृपया हलणाऱ्या भागाचा फोटो पाठवा. आता हलण्याचा फोटो कसा काढतात? मी दोन काढले, एकात पातं डावीकडे ढकललेलं, दुसऱ्यात उजवीकडे. उत्तर आलं, "सर, दोन्ही फोटोंमध्ये प्रॉडक्ट सारखंच दिसत आहे, असुविधेसाठी क्षमस्व." मग व्हिडिओ. बायकोने शूट केला, मी पातं हलवतोय आणि मागून आईचा आवाज, "अजून तेच चाललंय का याचं?" तो व्हिडिओ बघून मात्र लगेच रिप्लेसमेंट मंजूर झाली, बहुतेक दयेपोटी.

न्यायला आलेल्या मुलाने मोबाइलवरचा फोटो आणि चाकू ताडून बघितला, मग त्यानेही पातं चिमटीत धरून टुक टुक केलं. "सर, हलतंय." मी म्हटलं हो रे बाबा. तो आणखी जरा वेळ हलवत उभा राहिला. जीभ आणि दात, दुसरं काय.

नवीन चाकू आला. पहिल्या खोक्यावर 'क्यूसी पास'चा, म्हणजे कारखान्यात माल तपासल्याचा, शिक्का होता आणि त्यावर पेनाने मारलेली तिरकी टिक. या खोक्यावरही तशीच टिक, तोच तिरकेपणा, शेपटीला तोच झटका. बोट घासून बघितलं तर टिक छापलेली होती.

याचं पातं डावीकडे-उजवीकडे अजिबात हलत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी ते वर-खाली हलवून बघितलं. टक. टक. टक. शिवाय मिटलं की पातं मुठीच्या मधोमध न बसता डाव्या बाजूला घासायचं, आणि धारेचा उतार एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला नावापुरता. आणि या वेळी स्क्रू नव्हताच, पिना ठोकून पक्क्या केलेल्या. म्हणजे कंपनीने माझी तक्रार मनावर घेतली होती, मला आता काहीच घट्ट करता येणार नव्हतं.

मग मी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेलो. काका भोसरीत टूलरूममधे होते, रिटायर झालेत, पण अजून जिन्याच्या कठड्याकडे सुद्धा किती थाऊ (इंचाचा हजारावा भाग) बाहेर आहे अशा नजरेने बघतात. त्यांनी चाकू कानाजवळ नेला, हलवला, डॉक्टरसारखं "हं" केलं आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला.

"हे बघ," काका म्हणाले, "पिनेपासून खाच किती? सहा मिलिमीटर. टोक किती? पंच्याण्णव. म्हणजे दात खाचेत पॉइंट वन एमएम जरी ढिला बसला तरी टोकाला दीडेक एमएम खेळ दिसणार. गडबड मुळाशी एवढीशी, तमाशा टोकाला."

"मग चांगल्या चाकूत काय करतात?"

"खाच आणि दात उतरते घेतात, पाचरीसारखे. झिजलं की दात आणखी आत बसतो. तरी लॉकबॅकला केसभर वर-खाली असायचंच, ते माफ. साइडचा प्ले माफ नाही. पण तुझं हे केसभर नाहीये रे, ही वेणी आहे."

मी म्हटलं काका, आमच्या आज्जीची घडीची विळी आहे, तिचं पातं तर दोन्ही बाजूंना डुलतं, चाळीस वर्षं त्यावर नारळापासून फणसापर्यंत सगळं झालं, कोणाची तक्रार नाही. काका म्हणाले, "विळीचा पाट पायाखाली असतो. अख्खी बाई तिच्यावर बसलेली असते. तिथे पातं जागचं हलत नाही, भाजी हलते. इथे लॉक म्हणजे तुझी चार बोटं आणि ही टिचभर पट्टी. ठेवून जा, बघतो."

मी विचारलं परत नाही करू का, अजून मुदत आहे. ते अशा नजरेने बघायला लागले की मी चाकू टेबलावर ठेवून निघालो. वरती चार दिवस खालून ठोकण्याचे आवाज येत होते. मधेच शांतता, मग परत ठक ठक. एकदा काकूंचा आवाजही आला, पण शब्द कळले नाहीत, सूर ओळखीचा होता.

पाचव्या दिवशी काका स्वतः वर आले, चाकू फडक्यात गुंडाळलेला. "हलव."

मी हलवला. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, वर नाही, खाली नाही. खडकासारखा. काकांनी धारसुद्धा लावून आणली होती, त्यांनी हातावरचे दोन केस काढून दाखवले. "झिरो प्ले," काका म्हणाले, आणि मला खरंच भरून आलं. मी पाठीवरची पट्टी दाबली. काही झालं नाही. अंगठ्याने जोर केला. दोन अंगठ्यांनी केला.

"काका, हा मिटत नाहीये."

"मिटणार कसा? पिन ठोकून पसरवलीय. मिटणार असेल तर हलणार." काका चहाचा कप उचलत म्हणाले, "आणि मिटवायचा कशाला?"

खंडेनवमीला आईने पाटावर शस्त्रं मांडली. कात्री, पकड, माझा टी एट स्क्रूड्रायव्हर, गाडीची किल्ली, आणि आज्जीची विळी, पातं खाली पाडून नीट घडी केलेली. चाकू पाटाच्या बाहेर चार बोटं येत होता. आईने हळद-कुंकू लावायला हात पुढे केला आणि थांबली.

"अरे हा मिटव ना, लागेल कोणाला तरी."

"मिटत नाही तो."

"घडीचा होता ना?"

"होता."

आईने विळी जरा सरकवून जागा केली.