‘वर्ष भरलं नाही, तर रजा नाही’ म्हणे!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘प्रसूती रजेचे कटू सत्य’ नावाचा फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला. मजकूर असा: २६ आठवड्यांची पगारी रजा फक्त सरकारी नोकरीत, खासगीत एक वर्ष भरावं लागतं, कंत्राट संपलं की रजाही संपली, तिसऱ्या मुलाला शून्य, आणि सगळा पैसा मालकाच्या खिशातून जातो म्हणून बायकांना कोणी कामावर घेत नाही. खाली जोडलेले हात. यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, बाकीची सपशेल चूक.

फक्त सरकारी? १९६१ चा मातृत्व लाभ कायदा कारखान्यांना, मळ्यांना आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानं-ऑफिसांना लागू होता. १२ चे २६ आठवडे झाले २०१७ मध्ये. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, हक्क तेच राहिले. घरोघरी धुणंभांडी करणाऱ्या बाईपर्यंत मात्र तो पोचत नाही. फॉरवर्डमध्ये तिचं नावही नाही.

वर्षाची अट कुठून आली कोण जाणे. कायदा म्हणतो, बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम. पगारी सुट्ट्याही त्यात धरतात. शेजारची एक मुलगी जूनमध्ये कामाला लागली, तारीख फेब्रुवारीतली. ‘वर्ष कुठे झालंय?’ असं ऑफिसात ऐकून रडत घरी आली. आईने भिंतीवरचं कालनिर्णय उतरवलं. दुधाच्या खाड्यांच्या फुल्या ओलांडत, लेकीच्या कामाचे दिवस पेन्सिलीने मोजले. नवरात्र बसायच्या आत ८० भरले होते. मग लेखी अर्ज गेला आणि रजा मिळाली.

कंत्राटाचा मुद्दा सगळ्यात जास्त बायकांना गप्प बसवतो. दिल्लीतल्या डॉ. कविता यादव यांनी १ जून २०१७ पासून रजा मागितली. कंत्राट ११ जूनला संपत होतं. रुग्णालयाने ११ दिवसांचा लाभ दिला! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२३ मध्ये निकाल लागला की पात्रता पूर्ण असेल तर लाभ कंत्राटाच्या मुदतीपलीकडेही द्यावा लागेल. रोजंदारीवरच्या बायकांना तर हा हक्क २००० सालीच मिळाला होता, दिल्ली महापालिकेविरुद्धच्या खटल्यात.

तिसऱ्या मुलाला शून्य नाही, १२ आठवडे. उलट अडचण येते ती सरकारी सेवानियमांत. तमिळनाडूतल्या सरकारी शिक्षिका उमादेवी यांना पहिल्या लग्नाची दोन मुलं होती. दुसऱ्या लग्नानंतरच्या बाळंतपणाला रजा नाकारली गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती द्यायला लावली.

ग्रुपवर कोणीतरी खाली लिहिलं होतं, ‘सहा महिने घरी बसून पगार.’ बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे बाईला कामावर ठेवणं हाच गुन्हा आहे, दादा. ज्यांच्या घरी बाळंतिणीची खोली होती, त्यांना तरी हे सांगायला लागू नये.

आता मालकाच्या खिशाचं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेली कामगार ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर रजेचे पैसे ईएसआय देते. मालक भरतो तो पगाराचा सव्वातीन टक्के हप्ता, आणि तोही पुरुष कामगारांसाठीसुद्धा. त्यावरच्या पगाराला मात्र सगळा भार मालकावर पडतो, आणि छोट्या ऑफिसात बाईला घेताना मालक कचरतो हे मी पाहिलंय. हीच तक्रार गिरणीमालकही करत. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. आंबेडकरांनी भार पडतो हे नाकारलं नव्हतं. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, तेव्हा यातला बराच भार सरकारने उचलावा, असं त्यांचं म्हणणं. फॉरवर्डवाल्यांनी हे मागितलं असतं, तर मीही पुढे पाठवला असता.