नाशिकची वाईन ‘उरलेल्या द्राक्षांची’ नाही

आमच्या दिंडोरी तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्यात लिहिलंय की नाशिकची वाईन बाजारात न खपलेल्या, डागी द्राक्षांची करतात. १९९७ मध्ये अमेरिकेहून परतलेल्या एका माणसाने ती इथे आणली, त्याआधी काहीच नव्हतं. मग सरकारने करमाफी दिली, पैसेवाले घुसले, आणि शेतकऱ्याच्या मालकीची वाईनरी कधी नव्हतीच. माझ्या वडिलांनी सात-आठ वर्षं शिराझ या वाईनच्या द्राक्षाची बाग सांभाळली, म्हणून मला हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ‘उरलेली द्राक्षं’. आपण खातो त्या जाती थॉमसन, सोनाका, शरद. बिनबियांची, पातळ सालीची, घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक) द्रावणात बुडवून आणि थिनिंग, म्हणजे मण्यांची विरळणी करून मणी फुगवलेली. वाईनची जातच वेगळी: शिराझ, कॅबरने सॉव्हिन्यों, शेनिन ब्लां, झिनफँडेल. मणी वाटाण्याएवढा, आत बी, साल जाड. त्या सालीतूनच लाल वाईनला रंग आणि तुरटपणा येतो, म्हणून रस सालीसकट आंबवतात. खायचा माल १६-१८ शुगरला (रसातल्या साखरेचं माप, ब्रिक्स) उतरवतात, वाईनचा २२-२४ पर्यंत वेलीवर ठेवतात, कारण तीच साखर यीस्ट खातं आणि तिचाच मद्यार्क होतो. एवढी शुगर यावी म्हणून वेलीवर मुद्दाम कमी घड ठेवतात. खायच्या बागेपेक्षा बराच कमी माल निघतो. असा कमी माल घेणारा शेतकरी ‘उरलेलं’ विकत नसतो.

आणि डागी माल? कुजक्या घडावर व्हिनेगर करणारे जिवाणू आधीच बसलेले असतात. असे घड टाकीत गेले तर सगळी टाकी आंबट होण्याची भीती. म्हणून वाईनरीच्या दारात क्रेट निवडले जातात. वडिलांचे दोन क्रेट परत आले होते, त्या दिवशी ते जेवले नव्हते. खायच्या द्राक्षांचा न खपलेला माल बेदाण्याला जातो, हे पिंपळगावकडच्या कुणालाही विचारा. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. ‘पोर्ट’ नावाने मिळणाऱ्या स्वस्त गोड वाईनमध्ये खायची द्राक्षं वापरली जातात. बहुधा तिथूनच ही समजूत पसरली असावी.

१९९७ सालाची गोष्ट अर्धी खरी आहे. अमेरिकेहून परतलेला तो माणूस म्हणजे राजीव सामंत. त्यांनी गंगापूर धरणाजवळ त्या वर्षी सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां लावली आणि २००० मध्ये त्यांच्या ‘सुला’ कंपनीची पहिली वाईन बाजारात आली. त्याचं श्रेय त्यांचंच. पण ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी द्राक्ष लावलं ते १९२५ मध्ये. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला उद्योजक श्याम चौगुल्यांची फसफसणारी वाईन ऐंशीच्या दशकातच तयार होत होती. पिंपळगाव बसवंतला तर सहकारी तत्त्वावर तसाच प्रयत्न सुलाच्या आधी झाला होता. छाटणी, कलम, पाणी, औषधं यांतली सत्तर वर्षांची तयारी या मातीत होती, म्हणून नवी जात इथे रुजली.

तिसरा मुद्दा, शेतकऱ्याची वाईनरी कधी नव्हतीच हा, सगळ्यात खोटा, आणि मनाला लागणारा. २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. उत्पादन शुल्कात माफी मिळाली, विंचूर आणि सांगलीकडे पलूस इथे वाईन पार्क, म्हणजे वाईनरींसाठी राखलेल्या औद्योगिक वसाहती, ठरले. त्यानंतर निफाड-दिंडोरीत ज्या छोट्या वाईनरी उभ्या राहिल्या, त्यांतल्या अनेक द्राक्ष बागायतदारांच्याच होत्या. कुणी भावकीने मिळून, कुणी जमीन तारण ठेवून. करमाफीने वाईन करणं सोपं झालं, विकणं नाही. बाटली, लेबल, दर राज्याचा वेगळा परवाना, मुंबईच्या हॉटेलांची उधारी, यांतलं आमच्या माणसांना काहीच माहीत नव्हतं. त्यात लोडशेडिंग. पांढरी वाईन थंड टाकीतच आंबवावी लागते, आणि टाकी थंड ठेवणारा चिलर बंद पडला की जनरेटरच्या डिझेलमध्येच नफा जळायचा.

मग २००८ ची मंदी आली आणि नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. ज्या हॉटेलांत वाईन खपायची तीच ओस पडली. लगेच पुढच्या हंगामात टाक्या जुन्या वाईनने भरलेल्या आणि बागेत नवा माल पिकलेला. ज्या वाईनरीशी वडिलांचा करार होता तिने माल उचलला नाही. तीही आमच्यासारख्याच एका बागायतदाराची होती. त्याच्यावर बँकेचं कर्ज, आमचे पैसे त्याच्याकडे अडकलेले. शिराझ बाजार समितीत नेऊन चालत नाही. बारीक, बियांची, जाड सालीची द्राक्षं कोण खाणार? कित्येकांनी बागा तोडल्या, अनेक छोट्या वाईनरींना कुलपं लागली. ‘पैसेवाले घुसले’ असं लिहिणाऱ्याला ही माणसं दिसलेली नाहीत. टिकले ते ज्यांच्याकडे खेळतं भांडवल होतं. आज सगळं मोठ्यांचं दिसतं ते त्यामुळे. सुरुवात तशी नव्हती.

वडिलांनी २०१० च्या ऑगस्टात शिराझच्या खुंटांवर थॉमसनचं कलम चढवलं. बाग अजून तीच आहे. छाटणीनंतर कधीकधी कलमाच्या खालून शिराझची फूट येते, आणि ते हाताने ती काढून टाकतात.