शपथ घ्या, यादी बंद झाली

२०२६ च्या सव्वीस जानेवारीची संध्याकाळ. गिऱ्हाईक नव्हतंच, त्यामुळे झेरॉक्स मशीन बंद करून मीही पायरीवर येऊन बसलो. आमचा पुण्यातला कट्टा म्हणजे माझ्या दुकानाची पायरी आणि तिच्यासमोर लागलेल्या दोन स्कूटर. सुधीर स्कूटरवर रेलून, पक्या पायरीच्या बरोब्बर मधोमध आणि अण्णा घरून आणलेल्या घडीच्या खुर्चीवर. अण्णांच्या छातीवर सकाळचा झेंडा होता, त्याखाली आदल्या दिवशीच्या मतदार दिनाचा बिल्ला. एका कॉलेजात त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. हे आम्हाला संध्याकाळपासून तिसऱ्यांदा कळत होतं.

"तीनशे पोरं होती," अण्णा म्हणाले. "मी शपथ सांगितली, माझ्यामागून म्हटली ती फक्त पहिल्या दोन ओळींनी. बाकीची मोबाइलमध्ये. या पिढीला लोकशाहीचं काही पडलेलंच नाही. आणीबाणी पाहिली असती म्हणजे कळलं असतं!"

आणीबाणी आली की सुधीर चहा सांगतो, हे ठरलेलं आहे. आणीबाणीत अण्णा रोज बँकेत वेळेवर जात होते आणि गाड्याही वेळेवर येत होत्या, एवढाच त्यांचा त्या लढ्यातला सहभाग. पण चहा येईपर्यंत ऐकावं लागतं.

तेवढ्यात सुधीरची श्रावणी स्कूटरची किल्ली मागायला आली आणि अण्णांना आयतीच सापडली.

"काय गं, पंधरा तारखेला महापालिकेचं मतदान केलंस का?"

"नाही."

"बघा!" अण्णांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू पोरीला आम्हीच घरात कोंडून ठेवलं होतं.

"अण्णाआजोबा, मला मतच नव्हतं. मी सप्टेंबरमध्ये अठरा पूर्ण केली. महापालिकेला यादी वापरली एक जुलैची."

"पण कॉलेजात तुम्हाला जागृत करत होते ना?"

"करत होते की! रांगोळी स्पर्धा घेतली. 'माझे मत, माझा अधिकार'. मला दुसरा नंबर मिळाला."

"शाब्बास!"

"जिला पहिला मिळाला तिलाही मत नव्हतं."

सुधीर इतका हसला की स्कूटर स्टँडवरून हलली. खरं तर त्यानं हसायला नको होतं. २०१७ च्या फेब्रुवारीत मागची महापालिका निवडणूक झाली तेव्हा ही पोरगी चौथीत होती. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली, मग जवळपास चार वर्षं नगरसेवकच नाहीत, प्रशासकाचा कारभार. एवढी वाट पाहून निवडणूक आली तर हिची संधी थोडक्यात हुकली. आता पुढची पाच वर्षांनी, तीही वेळेवर झाली तर.

"तोवर माझं लग्न होईल असं आईचं मत आहे," श्रावणी म्हणाली. "म्हणजे वॉर्डही बदलेल."

"आईला मताधिकार आहे," सुधीर म्हणाला. "मला तेवढा घरात नाही."

अण्णांना असल्या तपशिलात रस नसतो. त्यांचा उपाय तयार होता. मतदान सक्तीचं करा. जो करणार नाही त्याचे अंतर्गत गुणांतले पाच मार्क कापा. पासपोर्ट देऊ नका. पक्यानं लगेच दुजोरा दिला. पक्या सक्तीच्या बाजूनं नेहमीच असतो, फक्त ती दुसऱ्याला असावी लागते.

मग कदम मॅडम आल्या. महापालिकेच्या शाळेत शिकवतात आणि आमच्या भागाच्या बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या अधिकारी आहेत. खांद्यावरच्या पिशवीत फॉर्मांचा गठ्ठा घेऊन त्या उन्हातान्हात जिने चढताना मी पाहिल्या आहेत, त्यामुळे त्या बोलायला लागल्या की मी तरी मध्ये तोंड घालत नाही.

"काय कापायचं म्हणता अण्णा? मार्क?" पायरीवर जागा करून घेत त्या म्हणाल्या. पक्या चक्क सरकला. "आधी कॉलेजचे मार्क कापा. जूनमध्ये मी एका कॉलेजात गेले होते. म्हटलं, अॅडमिशनच्या खिडकीशेजारी मला एक टेबल द्या. क्लार्क म्हणाला, मॅडम, आत्ता गडबड आहे, नंतर या. जानेवारीत त्याच कॉलेजनं जनजागृती फेरी काढली आणि मला झेंडा दाखवायला बोलावलं. यादी बंद होऊन सहा महिने झाले होते. मी झेंडा दाखवला. काय करते?"

"पण उत्साह तर..."

"उत्साह कसला! अॅडमिशनच्या रांगेत पोराच्या हातात बारावीचं मार्कशीट असतं, आधार असतं, फोटो असतो. नव्या मतदाराच्या फॉर्म सहाला याच्यापेक्षा वेगळं काय लागतं? तिथंच भरून घ्या, दहा मिनिटांचं काम. शपथ नको, रांगोळी नको, आणि तुमचं भाषण तर नकोच नको."

ही गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. जून-जुलैत माझ्या मशीनवर दुसरं काही येतच नाही. मार्कशीट, आधार, दाखला, पुन्हा मार्कशीट. काचेवरून आधार कार्ड उचलायला विसरून गेलेली पोरं तर इतकी, की मी त्यांच्यासाठी बिस्किटाचा एक डबाच ठेवला आहे. त्या डब्यातली सगळी गिऱ्हाइकं अठराच्या आसपासची. निवडणूक आयोगानं तो डबा नुसता उघडून पाहिला तरी नवमतदारांची यादी तयार.

"आणि आता अठरा पूर्ण मोजायला वर्षात एकच तारीख नाही," मॅडमचं चालूच होतं. "२०२२ पर्यंत एक जानेवारी ही एकच होती. दोन तारखेला जन्मलेला वर्षभर बसून राहायचा. आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, चारही महिन्यांची एक तारीख धरतात. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जसुद्धा घेतात. हे सांगायला कोणी प्रमुख पाहुणा बोलावत नाही. श्रावणी, तू उद्या ये माझ्याकडे."

"उद्या सबमिशन आहे."

"बघा!" अण्णा पुन्हा उसळले.

तेवढ्यात बालाजी आला. लातूरकडचा, औसा तालुक्यातला. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पक्याच्या फ्लॅटवर कॉट बेसिसवर राहतो. पक्याच्या दोन खोल्यांत सहा कॉट आहेत. पक्या त्याला 'विद्यार्थ्यांची सोय' म्हणतो. बालाजीला जर्नलच्या पानांच्या झेरॉक्स हव्या होत्या. मी उठणार तोवर अण्णांनी त्याचा हात धरला.

"बाळा, नाव नोंदव. फॉर्म सहा भर. देशाचं भवितव्य तुमच्या हातात आहे."

"नोंदवलंय की आजोबा."

"कुठं?"

"गावाकडं. दोनदा मतदान बी केलंय. सात मेला लोकसभेला, अन् नोव्हेंबरात विधानसभेला. दोन्ही टायमाला रात्रीच्या गाडीनं गेलो, दिवसभर थांबलो अन् रात्रीच्या गाडीनं परत आलो. तुमचं पुण्याचं मतदान तेरा मेला होतं ना?"

तेरा मे २०२४ हा सोमवार होता. शनिवार, रविवार, सोमवार. या मुद्द्यावर कट्ट्यावर थोडी शांतता पसरली, कारण सुधीर तेव्हा दापोलीला होता. शिवाय पुण्यातल्या जवळपास निम्म्या मतदारांनी त्या दिवशी बोटाला शाई लावून घेतली नव्हती, त्यामुळे सुधीर काही एकटा नव्हता.

"खासदार असला काय, नसला काय," सुधीर सावरून घेत म्हणाला. "खासदार गिरीश बापट वारल्यावर वर्षभर पुण्याला खासदार नव्हता. कोणाला जाणवलं?"

"हायकोर्टाला जाणवलं," मॅडम म्हणाल्या. "पोटनिवडणूक घ्या म्हणून सांगितलं त्यांनी. सुप्रीम कोर्टात जाऊन ते थांबलं. तुम्ही दापोलीलाच असाल तेव्हाही."

मी बालाजीला विचारलं, नाव घालायला तुला कोणी सांगितलं? कॉलेजात शपथबिपथ झाली होती का?

"कशाची शपथ! अठरा पूर्ण झाली नव्हती तवाच पॅनलवाल्याचा पुतण्या फॉर्म घेऊन घरी आला. फोटो पण त्यानंच काढून आणले. गावात सरपंच चार-सहा मतांनी पडतोय काका. माझं मत मोजून ठेवलेलं असतंय. ग्रामपंचायतीला तर पुण्यात गाडी येती न्यायला. जेवणासकट."

मॅडमनी कानांवर हात ठेवले. "हे मी ऐकलेलं नाही. गुन्हा आहे तो."

"इथं तीन वर्षं राहायलोय, एक माणूस विचारायला आला नाही," बालाजी म्हणाला. "पंधरा तारखेच्या आधी तर उमेदवार जिन्यात येऊन तिळगूळ वाटायले होते. आमच्या दारावर आले, सहा पोरं बघितली अन् तसेच वर गेले. तिळगूळ बी नाही दिला."

माझ्या मते सगळा मामला यातच आला. ज्याला तुमच्या मताची गरज असते तो फॉर्म घेऊन दारात येतो. ज्याला नसते तो रांगोळीची स्पर्धा लावतो. पोरांना हे बरोबर कळतं आणि मग आपण त्यांना उदासीन म्हणतो. हे मी मोठ्यानं बोललोही, पण तेवढ्यात चहा आला.

अण्णांनी मात्र पिच्छा सोडला नाही. "तरीही इथला फॉर्म सहा भरच! जिथं खातो-पितो तिथं मत पाहिजे."

"अहो, त्याला तुरुंगात धाडाल," मॅडम म्हणाल्या. "त्याचं नाव यादीत आहे. पत्ता बदलायचा तर फॉर्म आठ. सहा भरला तर नाव दोन ठिकाणी. म्हणजे दुबार, नावापुढे दोन तारे. आणि खोटं लिहून दिलं म्हणून वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ताऱ्यांवरून आठवलं अण्णा, आपल्या सचिनचं नाव काढायचा फॉर्म सात कधी भरताय?"

अण्णा चहात बघायला लागले. सचिन अण्णांचा मुलगा. अमेरिकेत जाऊन पंधरा वर्षं तरी झाली, तिथला नागरिकही झाला. इथल्या यादीत अजून आहे, फोटोत मिशी आहे.

"राहू दे ना एक नाव," अण्णा हळूच म्हणाले. "घराच्या पत्त्यावर चार नावं असलेली बरी वाटतात."

यावर कोणीच काही बोललं नाही. मॅडमनीही नाही, आणि त्या सहसा सोडत नाहीत.

शांतता फोडली ती पक्यानं, त्याच्या जुन्याच जखमेनं. "अहो, मतदानाची सवय कॉलेजात लागते. आमच्या वेळी जीएसच्या, म्हणजे कॉलेजच्या जनरल सेक्रेटरीच्या निवडणुका व्हायच्या. पोस्टर, पॅनल, भाषणं..."

"भेळ," सुधीर म्हणाला.

"भेळ मी वाटली नव्हती! ती विरोधी पॅनलनं माझ्या नावानं वाटली."

इथं नवीन वाचकाला सांगायला हवं की १९८८ साली पक्या जीएसच्या निवडणुकीत पडला. सुधीर त्याचा प्रचारप्रमुख होता, आणि समोरच्या पॅनलमधल्या एका मुलीखातर सुधीरनंच आपल्या वर्गाची मतं तिकडे फिरवली, असा पक्याचा आरोप आहे. ती मुलगी म्हणजे श्रावणीची आई नव्हे, हे सुधीर दर वेळी आवर्जून सांगतो. श्रावणी दर वेळी "हो का?" म्हणते.

"पण बाबा, आमच्याकडे नाहीतच निवडणुका," ती म्हणाली. "सीआर, म्हणजे वर्गाची प्रतिनिधी, मॅडमच नेमतात. जिची अटेंडन्स जास्त ती."

"गंमत बघा," मॅडम म्हणाल्या. "८९ साली राज्यघटना बदलून मताचं वय एकवीसचं अठरा केलं. का, तर तरुण शहाणे आहेत. त्याच सुमारास मुंबईत कॉलेजच्या निवडणुकीवरून एका पोराचा खून झाला आणि ९४ च्या कायद्यानं आपल्याकडच्या कॉलेजातलं मतदान बंद. का, तर तरुण शहाणे नाहीत. २०१६ च्या कायद्यात पुन्हा आणलं, २०१९ ला घेणार म्हणाले, तर विधानसभा आडवी आली. म्हणजे अठराव्या वर्षी पंतप्रधान निवडायला चालतो, वर्गाचा सीआर निवडायला चालत नाही."

"अटेंडन्सवर खासदार निवडले असते तर?" बालाजीनं विचारलं.

"लोकसभा ओस पडली असती," सुधीर म्हणाला. "दापोलीला गर्दी झाली असती."

मी बालाजीची पानं काढायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा विषय पक्याच्या कॉटवर आला होता. बालाजी विचारत होता की पुढं एमएस्सी इथंच करायचं आहे, तर नाव इकडं आणायला कागद कोणता लागेल. हॉस्टेलवर असता तर प्राचार्यांच्या सहीचा दाखला चालला असता. भाड्यानं राहणाऱ्याला नोंदणी केलेला भाडेकरार. सगळ्यांनी पक्याकडे पाहिलं.

"शक्य नाही," पक्या म्हणाला. "कॉट बेसिसला करार कसला? आणि एकदा का मतदार कार्डावर माझा पत्ता आला की कब्जा! ऐकून आहे मी. कार्ड दाखवतात आणि बाहेर निघत नाहीत."

"मतदार कार्डानं घर मिळत असतं तर मी आत्तापर्यंत निम्मं पुणं वाटून टाकलं असतं," मॅडम म्हणाल्या. "आणि प्रकाशराव, तुमच्या फ्लॅटवर कब्जा कधीच झालाय. तुमच्या पत्त्यावर तीन मतदार आहेत अजून. जुने भाडेकरू. गेले, पण फॉर्म आठ कोणी भरला नाही. त्यातल्या एकाला दोन तारे आहेत."

पक्याचा कप हातातच राहिला. "तीन? कसे? मी कुणालाही कागद दिलेला नाही! एक चिठोरासुद्धा दिलेला नाही!"

"कागद नसला तर बीएलओनं जागेवर जाऊन खात्री करायची असते. मी आले होते. बेल वाजवली, विचारलं, ही मुलं इथं राहतात का? वहिनी म्हणाल्या, हो, राहतात, चांगली आहेत, तिघांनाही मीच डबा देते. मी लिहून घेतलं."

"वहिनींनी?" सुधीरला ठसका लागला.

"कोपऱ्यातली तिसरी कॉट कोणाची, तेही सांगितलं."

अण्णांचा बिल्लाच हसून हसून खाली पडला. पक्या घराच्या दिशेनं बघत कोणाला तरी मनातल्या मनात काहीतरी सुनावत होता. बालाजीनं शांतपणे झेरॉक्सचे पैसे माझ्या हातावर ठेवले आणि मॅडमना विचारलं, "मॅडम, तुम्ही कधी येणार ते सांगा. काकू दुपारी दोननंतर घरीच असतात."