नारोशंकराची घंटा आणि मेणवलीची मेरी

आमची नाशिकची मावशी बोलायला लागली की तिसऱ्या घरात ऐकू जायचं. आई म्हणायची, "झाली सुरू नारोशंकराची घंटा!" ही घंटा खरोखर कुठे टांगलेली आहे, हे मला विशी ओलांडल्यावर कळलं. पंचवटीत, गोदेकाठी, पेशव्यांचे सरदार नारोशंकर यांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वराच्या देवळाला. घंटेवर साल आहे १७२१. म्हणजे देवळापेक्षा घंटाच सव्वीस वर्षांनी मोठी! कारण ती देवळासाठी ओतलेलीच नव्हती. ती पोर्तुगीजांच्या चर्चची.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शाळेत हे एका मार्कापुरतं होतं. तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी उतरवून आणल्या, त्यातली एक भीमाशंकरलाही आहे, हे आमच्या गाईडात नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात वाईजवळ मेणवलीला गेले होते. नाना फडणवीसांचा वाडा बघून मागच्या कृष्णेच्या घाटावर उतरलं की मेणेश्वराच्या देवळाशेजारी वसईहून आलेली अशीच एक घंटा. सगळे येतात, एक ठण्ण देतात, फोटो काढतात. मी जवळ जाऊन बोट फिरवलं. उठावाचं काम: मेरी, बाळ येशू आणि साल १७०७. महादेवाच्या दारात. कुणी तासून काढलेलं नाही.

आता गंमत बघा. वसई पडली १७३९ ला, नानांचा जन्म १७४२ चा, मेणवली त्यांच्याकडे आली १७६८ मध्ये. म्हणजे हे धूड कोकणातून घाट चढून आलं आणि नानांच्या घाटावर टांगलं जाईस्तोवर किमान एकोणतीस वर्षं गेली. मधल्या काळात मराठ्यांना तोफा काय कमी लागल्या? घंटा म्हणजे तांबं आणि कथील, वितळवली असती तर कुणी हिशोब मागितला नसता. तरी ती राहिली.

यावर लगेच दोन प्रकारचे लोक येतात. एक म्हणतात, विजयाचं चिन्ह, बस्स. दुसरे म्हणतात, वा, काय सर्वधर्मसमभाव! मला दोन्ही पटत नाहीत. ती लूटच होती, शब्द मऊ करायची गरज नाही. पण लुटून आणलेली वस्तू पुढे अडीचशेहून जास्त वर्षं तेल-कुंकवाच्या हातांनी वाजत राहिली, हेही तेवढंच खरं. पुस्तकात यातली एकच बाजू कुणीतरी निवडून देतं. घंटेवर मेरीही आहे आणि कुंकूही.

म्हणूनच या घंटा काचेत ठेवा म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. वाजू देत. पण रंग? आमच्या भागातल्या एका देवळात जीर्णोद्धार झाला तेव्हा जुन्या घंटेला चंदेरी ऑइलपेंट फासला. दोन हात! लहानपणी मी त्या घंटेवरची अक्षरं बोटांनी चाचपायचे, कुठल्या लिपीतली तेही कळत नव्हतं. आता सगळं गुळगुळीत. विचारलं तर उत्तर आलं, "ताई, स्वच्छ दिसतंय ना?"

तुमच्या गावच्या देवळात जुनी मोठी घंटा असेल तर या सोमवारी वाजवून झाल्यावर जरा थांबा. कडेला आकडे आहेत का बघा. असले तर फोटो इथे टाका. आणि पुजारीकाकांना रंगाचं तेवढं आधीच सांगून ठेवा.