‘आमच्या आज्यांना कुठे डिप्रेशन होते?’

कर्नाटकातील मराठीभाषक खानापूर-निपाणी भागात मोबाइलवरून एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, आज्यांनी आठ-आठ बाळंतपणे काढली तरी त्यांना नैराश्य ठाऊक नव्हते. माहेरचा सव्वा महिना, शेकशेगडी आणि डिंकाचे लाडू मिळाले की मन ताळ्यावर येते. आणि गोळ्या घेतल्या तर बाळाचे दूध तोडावे लागते.

आज्यांना तो शब्द ठाऊक नव्हता, एवढेच यात खरे आहे. बाळंतीण बोलेनाशी झाली, बाळाला जवळ घेईनाशी झाली, की ‘बाहेरचे लागले’ म्हणून अंगारा लावला जाई, हे त्याच आज्या सांगतात.

माहेरची विश्रांती आणि माया मोलाचीच आहे. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार विकसनशील देशांत गरोदरपणी १५.६ टक्के आणि प्रसूतीनंतर १९.८ टक्के स्त्रियांना मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, जडतो. म्हणजे अनेकींना तो डोहाळजेवणाच्या आधीच गाठतो, तर काहींना सासरी परतल्यावर, पहिल्या वर्षात केव्हाही. प्रसूतीनंतर दोन-तीन दिवसांनी येणारे रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरते आणि तो आजार नव्हे. ते ओसरले नाही, बाळ झोपले तरी आईचा डोळा लागत नसेल, कशातच गोडी उरली नसेल, ‘मी आई म्हणून नालायक आहे’ हा विचार पाठ सोडत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्याकडे ही तक्रार बहुधा ‘डोके जड आहे, अंगात बळ नाही’ अशा रूपातच पुढे येते. तेव्हा रक्तक्षय आणि थायरॉइड तपासावेत, पण तेवढ्यावर थांबू नये.

गोळ्यांविषयीचे विधान तर सरसकट चूक आहे. सौम्य नैराश्यात अनेकदा समुपदेशन पुरते, आणि औषध लागलेच तर सर्ट्रालिनसारखे औषध दुधात फार थोडे उतरत असल्याने स्तनपान चालू ठेवूनही देता येते. निवड मनोविकारतज्ज्ञाने करावी. चालू गोळी मात्र परस्पर बंद करू नये.

खरी अडचण त्या मजकुरात आलेलीच नाही, ती भाषेची. तपासणीत कन्नडमधून विचारलेल्या प्रश्नाला आपली सून ‘बरं आहे’ एवढेच म्हणते आणि विषय संपतो. म्हणून दोन्ही भाषा येणारी नणंद किंवा आशाताई सोबत असावी. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते आणि धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे. मरणाचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, किंवा बाळंतीण असंबद्ध बोलू लागली, तिला भास होऊ लागले, तर तिला एकटी न सोडता त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. अमावास्या सरण्याची वाट पाहू नये.