हेलन गोव्याची नाही हो!

म्हापशा-फोंड्याकडच्या ग्रुपांवर परत तो मेसेज फिरतोय, की हिंदी सिनेमातली डान्सर हेलन मूळची मडगावची आणि ‘मेरा नाम चिन चिन चू’ तिनंच गायलंय. दोन्ही चूक. मी तिचा कट्टर फॅन, ती आपल्या गावची निघाली असती तर मीच पहिला फटाके वाजवले असते, पण तसं नाहीये. तिचा जन्म १९३८ चा, ब्रह्मदेशातला, आई बर्मी, वडील अँग्लो-इंडियन, आणि महायुद्धात जपानी आले तेव्हा हे कुटुंब जंगलातनं चालत चालत आसामात पोचलं, पुढं मुंबईला आल्यावर कुकू नावाच्या त्यावेळच्या गाजलेल्या डान्सरनं तिला कोरसमध्ये घुसवलं. रिचर्डसन हे आडनाव सावत्र वडिलांचं.

आणि ते गाणं गीता दत्तचं, सिनेमा ‘हावडा ब्रिज’, १९५८. आता हेलन तेव्हा जेमतेम १९-२० ची पोर, पण बघा एकदा नीट, खांदा, भुवई, बोटं सगळं तालावर, गीताच्या आवाजातला तो खट्याळपणा चेहऱ्यावर असा काही उतरलाय की तीच गातेय असं वाटणारच, त्यात मेसेजवाल्याचा काय दोष म्हणा!

गोव्याचंच नाव काढायचं असेल तर पडद्यामागं बघा की. ओ. पी. नय्यर, शंकर-जयकिशन या संगीतकारांकडे अरेंजर, म्हणजे कुठलं वाद्य कुठं काय वाजवेल ते बसवणारे, होते आपले सेबॅस्टियन डिसोझा, आणि त्या काळच्या ऑर्केस्ट्रात ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवणारे कितीतरी गोंयकार. त्यांच्यावर कोणी मेसेज का बनवत नाही?