‘बीटीवाल्यांना पाठवत नाही हं ताई’

सकाळपासून डोकं तापलंय म्हणून लिहायला बसलेय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खालचा फोटो बघून पुढे जा. फोटोत नळाला टांगलेला चक्का आहे, तोही रागाच्या भरात बांधलाय.

झालं असं की गणपती आले दहा दिवसांवर. इंग्लंडात घरून पिठं-मसाले विकणाऱ्या एका ताईंना यादी पाठवली: मोदकाची पिठी दोन किलो, गोडा मसाला, आमसुलं, थोडे फुटाणे. त्यांनी भाव सांगितले, मी हो म्हटलं, त्यांनी पोस्टकोड विचारला. तो दिला आणि पाच मिनिटांत उत्तर, ‘सॉरी हं ताई, बीटीवाल्यांना आम्ही पाठवत नाही. फार कटकट असते.’ वर एक हात जोडलेला इमोजी.

बीटीवाले म्हणजे आम्ही. पोस्टकोडातली ही अक्षरं बेलफास्टची, पण अख्ख्या उत्तर आयर्लंडच्या पत्त्याला तीच लागतात. आणि उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्येच येतं बरं का. मी इथल्या डेरी नावाच्या शहरात राहते. पगार पौंडात, कर लंडनच्या तिजोरीत, रात्रपाळ्या इथल्या इस्पितळात. आणि त्याच देशातून त्याच देशात दोन किलो तांदळाची पिठी येऊ शकत नाही! ताईंवर राग नाही हो. घरगुती धंदा, आमच्यासारख्या चार गिऱ्हाइकांसाठी कुठे नोंदणी करत बसायची आणि पुड्यात काय काय आहे ते कुणाकुणाला कळवत बसायचं? राग वेगळ्याच माणसांवर आहे. येतेच तिथवर.

त्याआधी सासूबाईंची गोष्ट. ग्रुपमधल्या काहींनी ती ऐकलीय, त्यांनी पुन्हा ऐकावी.

दोन उन्हाळ्यांपूर्वी सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. एका रविवारी सगळे मॅगिलिगनच्या टोकाला गेलो. तिथे वाळू आहे, एक जुना गोल दगडी बुरूज आहे, आणि समोर लॉख फॉइल या खाडीच्या पाण्यापलीकडे ग्रीनकॅसल नावाचं गाव. इतकं जवळ की घरांच्या खिडक्या मोजाव्यात. मधे तर, म्हणजे फेरीबोट, चालते, पंधरा मिनिटांत पलीकडे. ते पलीकडचं डोनेगल, म्हणजे आयर्लंड, म्हणजे युरोपीय संघ. शेजारची मॉरीन बरोबर होती. तिची बहीण ग्रीनकॅसलला असते. ती म्हणाली, चला, बहिणीकडे चहा घेऊन येऊ.

आता मज्जा बघा. सासूबाईंकडे पाहुणीचा व्हिसा. भारतीय पाहुण्यांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची एक सामाईक सोय आहे, तिचा शिक्का त्यांच्या व्हिसावर होता. त्यामुळे त्या जाऊ शकत होत्या. मी, नवरा आणि मुलगा इथे राहतो, इथे राबतो, आमचा व्हिसा कामाचा. त्याला ती सोय नाही. म्हणजे चार आठवड्यांसाठी आलेली बाई पलीकडे जाणार आणि चार वर्षं इथे कर भरणारे आम्ही काठावर उभे!

सासूबाईंनी पदर खोचला आणि मॉरीनचा हात धरून तरीत चढल्या. जाताना मला म्हणाल्या, ‘काय गो, पाण्यार रेघ कोणी मारल्यान?’

मी हसले तेव्हा. मुलगा मात्र रडला. त्याच्या वर्गातली पोरं दर शनिवारी तिकडच्या किनाऱ्यांवर जातात, त्याला कळेचना की आजीला चालतं आणि आपल्याला का नाही. मी त्याला काय सांगणार?

सासूबाईंच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला नंतर कळलं, आणि ते असं आहे की त्या पाण्यावर रेघ कोणी मारलेलीच नाही. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली, सहा परगणे ब्रिटनकडे राहिले. जमिनीवरच्या रेषेचा फेरविचार करायला आयोग बसवला, त्याचं काम १९२५ मध्ये गुंडाळून ठेवलं. लॉख फॉइलचं पाणी कुणाचं हे तर शंभर वर्षांत ठरलेलंच नाही. ब्रिटन जुन्या राजसनदेवर बोट ठेवून म्हणतं, सगळं आमचं, पार डोनेगलच्या काठापर्यंत. आयर्लंड म्हणतं, आम्हाला हे मान्य नाही. या घोळात कालवं पिकवणाऱ्यांनी काठावर लोखंडी मांडव घालून ठेवलेत. त्यांना परवाना कोण देणार, कारण परवाना द्यायचा तर आधी पाणी आपलं असायला हवं. ओहोटीला दिसतात ते मांडव. इतकी वर्षं कुणी फार मनावर घेतलं नव्हतं. दोघेही एकाच युरोपीय संघात होते ना, भावाभावांनी अंगणाची मोजणी न करता संसार केल्यासारखं चाललं होतं. २०१६ मध्ये ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटनने संघातून बाहेर पडायचं, मतदान झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रिटिश मंत्र्याने पुन्हा ठणकावून सांगितलं की अख्खं लॉख आमचं. आलं परत सगळं चुलीवर!

आणि माझा राग आहे तो इथे. संघातून बाहेर पडायचं तर खुशाल पडा. पण पडण्याआधी आपल्या घराच्या भिंती कुठे कुठे दुसऱ्याच्या घराला चिकटल्यात ते तरी बघाल की नाही? २०१६ च्या जूनमध्ये जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर, एकमेकांच्या विरोधातल्या पक्षांचे दोन माजी पंतप्रधान, एकत्र डेरीला आले होते. इथल्या पुलावरून चालले, आणि सांगून गेले की बाहेर पडलात तर या सीमेचं अवघड होईल. लंडनात कोणी ऐकलं? आमच्या फॉइल मतदारसंघात ७८ टक्के लोकांनी ‘राहू या’ म्हटलं. अख्ख्या उत्तर आयर्लंडात ५५.८ टक्क्यांनी. हो, मतदान सगळ्या देशाचं होतं आणि सगळ्या देशात ५१.९ टक्के निघायचं म्हणाले, लोकशाही आहे, मान्य. मान्य केलं, पुढे?

पुढे हे की जवळजवळ पाचशे किलोमीटरची सीमा, दोनशेच्या वर रस्ते तिला ओलांडतात, आणि ती आता युरोपीय संघाची बाहेरची सीमा झाली. तिथे चौक्या बसवायच्या तर लोकांच्या अंगावर काटा येतो, कारण चौक्या कशा असतात ते त्यांनी भोगलंय. इथे राहायचं ब्रिटनमध्ये की आयर्लंडमध्ये, यावरून तीस वर्षं हिंसाचार पेटला होता, त्यात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली. १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने ते थांबलं. मॉरीन सांगते, तिच्या वडिलांच्या गाडीची डिकी सैनिक रस्त्यावर रिकामी करायचे, पावसात, बटाट्याच्या पोत्यासकट. त्याआधी लहानपणी आई तिच्या कोटाच्या अस्तरात लोण्याचे गोळे शिवून सीमेपलीकडून आणायची, तो किस्सा ती हसून सांगते. डिकीचा सांगताना हसत नाही.

म्हणून मग शहाण्यांनी काय केलं, तर जमिनीवरची रेघ पुसल्यासारखी केली आणि ती उचलून समुद्रात नेऊन ठेवली. इंग्लंड-स्कॉटलंडहून आमच्याकडे येणाऱ्या मालाची कागदपत्रं आता मधल्या समुद्रावर बघतात. २०२३ मध्ये विंडसरचा करार करून त्यातला जाच थोडा कमी केला, हेही कबूल. पण समुद्रात बुडाली का ती रेघ? नाही बुडाली. ती माझ्या स्वयंपाकघरात आलीय. ज्या दह्याचा चक्का बांधलाय त्याच्या डब्यावर छापलंय, ‘नॉट फॉर ईयू’. दुधावर तेच, चीजवर तेच. आपण दही विरजतो तेव्हा त्याला देश विचारतो का?

(चक्क्यातून अजून पाणी गळतंय. पुरता निथळायला रात्र जाणार.)

हे फक्त इथलंच आहे असं समजू नका. स्पेनला चिकटलेलं, पण ब्रिटनकडे असलेलं जिब्राल्टर बघा. सात चौरस किलोमीटरही नाही, एक डोंगर आणि त्याच्या पायाशी वस्ती. ब्रिटनने १७०४ मध्ये घेतलं, १७१३ च्या तहात स्पेनने लिहूनही दिलं. तेव्हापासून स्पेनचं पालुपद एकच, आम्ही डोंगर दिला होता, त्याला आमच्या मुलखाशी जोडणारी जमिनीची पट्टी दिली नव्हती. आणि विमानतळ नेमका त्या पट्टीवर! १९६९ मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोने सीमेवरचं फाटक बंद केलं, ते पायी जाणाऱ्यांना १९८२ मध्ये उघडलं आणि पुरतं १९८५ मध्ये. एका घरातली माणसं जाळीच्या दोन बाजूंना उभी राहून ओरडून खुशाली विचारायची. हे वाचलं तेव्हा मला मॅगिलिगनचा काठ आठवला, मुलगा पाण्यापलीकडे हात हलवत होता तो.

तिथे ब्रेक्झिटविरुद्ध किती मतं पडली माहितीये? ९६ टक्के. रोज पंधरा हजार माणसं स्पेनमधून तिथे कामाला येतात, त्यांचं काय होणार हे ठरायला २०२५ चा जून उजाडला. तेव्हा कुठे तडजोड जाहीर झाली की फाटकावर तपासणी नको, विमानतळावर आणि बंदरावर करू. तिथेही रेघ पुसली नाहीच, सरकवली.

बरं, आता आपल्या माणसाची गोष्ट. हे सगळं घोंगडं २०१७ मध्ये कुणाच्या गळ्यात पडलं? लिओ वराडकर! मालवण तालुक्यातलं वराड हे त्यांच्या वडिलांकडचं मूळ गाव. तेव्हा ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि ‘या बेटावर पुन्हा चौक्या नकोत’ हा हट्ट त्यांनी सोडला नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्याबरोबर त्यांची इंग्लंडातल्या एका हवेलीत भेट झाली आणि तिथून समुद्रातल्या तोडग्याची वाट निघाली. त्याच डिसेंबरात ते वराडला येऊन गेले. सासूबाईंचं माहेर तिथून जवळच, त्यामुळे त्यांच्या लेखी हा घरचा विषय. तरीतून उतरल्या उतरल्या त्यांनी मॉरीनच्या बहिणीला मालवणीतून सुनावलं म्हणे, ‘आमच्या वराडकारांचो झील तुमचो पंतप्रधान होतो!’ मॉरीनने भाषांतर काय केलं देव जाणे, पण बहिणीने टाळ्या वाजवल्या.

अभिमान मलाही आहे. पण वराडच्या घराण्यातल्या माणसाने भांडून उघडी ठेवलेली सीमा, आणि त्याच तालुक्यातली सून ती ओलांडू शकत नाही. याला काय म्हणायचं?

एकदा ओलांडली होती खरं तर. लिहू की नको कळत नव्हतं, लिहिते. पहिल्या वर्षी, नवीन गाडी, फोनमधला नकाशा बघत चाललो होतो आणि एक वळण चुकलं. फाटक नाही, पोलीस नाही, काही नाही. रस्त्याच्या कडेच्या वेगाच्या पाट्या मैलांच्या किलोमीटर झाल्या आणि फोन टुणकन वाजला, आयर्लंडमध्ये आपलं स्वागत. माझे हातपाय गार. नवरा म्हणाला, कोणी बघत नाहीये, शांत हो. पुढच्या पेट्रोलपंपावर गाडी वळवली. पंपावरचा पोरगा हात हलवून हसला, त्याला वाटलं पत्ता चुकले. परत येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघितलं नाही. ज्या सीमेवर कुणीही उभं नाही तिची मला इतकी भीती वाटली. इथल्या लोकांना ब्रिटिश-आयरिश असल्यामुळे कुठेही जायची मुभा, ती मुभा ब्रेक्झिटनंतरही तशीच आहे. त्यांना ही सीमा दिसतच नाही. मॉरीन म्हणते, हल्ली ही सीमा फक्त तुझ्यासाठीच शिल्लक आहे बाई.

आता कमेंटमध्ये कोणीतरी येणारच की आयर्लंडचा वेगळा व्हिसा काढा ना. हो, काढता येतो. फॉर्म भरायचा, फी भरायची, बँकेची कागदपत्रं जोडायची, वाट बघायची, आणि हे सगळं समोरच्या काठावर चहा प्यायला. काढू एकदा. आणि ही अडचण ब्रेक्झिटच्या आधीही होती, असंही कोणी म्हणेल. तेही खरंय. पण तेव्हा माझा मसाला तरी आला असता!

इतकं लिहून झाल्यावर राग जरा उतरलाय. मघाशी मॉरीन डोकावून गेली, नळाला काय टांगलंय विचारत. सांगितलं तर म्हणाली, उद्या बहिणीकडे चाललेय, थोडं दे. उद्या सकाळी साखर-वेलची घालून फेटीन आणि एक डबा तिच्या पिशवीत ठेवीन. झाकण त्या दह्याच्याच डब्याचं लावणार आहे, ‘नॉट फॉर ईयू’ वर येईल असं.

सासूबाईंना आत्ताच फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, केशर घालायला विसरू नको.